पाच दिवस, सात दिवस

नागपूरहून वर्धा रोडने निघालं की तीसेक किलोमीटरवर बुटीबोरी लागतं. तिथे रस्त्याला फाटा फुटतो. सरळ गेलं की हिंगणघाट आणि पुढे हैदराबाद, उजवीकडे वळलं की सेलू, पवनार, वर्धा. बाहेरच्यांना बुटीबोरी म्हणजे एमआयडीसी, धुराडी आणि ट्रकांची रांग. माझ्यासाठी ते घर आहे. नोकरी पुण्यात, दिवसभर कीबोर्ड बडवायची. पण आई-बाबा बुटीबोरीतच राहिले, आणि मधली दोन वर्षं माझे बरेचसे वीकेंड त्या फाट्यावर उतरण्यातच गेले.

आजचा विषय आहे जुन्या रोमन लोकांचा. चांगलं जगावं कसं आणि मरणाला सामोरं जावं कसं, याबद्दल त्यांनी काय म्हणून आणि करून ठेवलंय. आता बुटीबोरीचा आणि रोमचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि तो पवनारवरून जातो. जरा धीर धरा.

सुरुवात बाबांपासून करतो. वय ६८, कॅन्सर यकृतापर्यंत पोचलेला, केमोच्या दोन फेऱ्या झालेल्या. डॉक्टर तिसऱ्या औषधाबद्दल समजावून सांगत होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सायब, यानं बरं होते का नुसतं लांबते?" डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, बरं होणार नाही, काही महिने मिळू शकतात. बाबा म्हणाले, "मंग आता नको."

मी तिथेच वाद घालायला सुरुवात केली. घरी आल्यावरही घातला. इंजिनियर माणसाला "नको" हे उत्तर वाटतच नाही, तो एरर मेसेज वाटतो. काहीतरी चुकलंय, शोधून दुरुस्त करू.

त्या दिवसांत हॉस्पिटलच्या खुर्च्यांवर बसून मी आधी सेनेका उघडला, कारण या विषयावर सगळे त्याच्यापासूनच सुरू करतात. जन्म आजच्या स्पेनमधल्या कोर्दोबाचा, सम्राट नीरोचा शिक्षक, मग सल्लागार, आणि अफाट श्रीमंत. लुसिलियस नावाच्या मित्राला लिहिलेली त्याची १२४ पत्रं आज आपल्याकडे आहेत. त्याला दम्यासारखा विकार होता. श्वास अडकायचा त्या झटक्याला वैद्य लोक मरणाची तालीम म्हणतात, असं तो एका पत्रात सांगतो. पण त्याचं प्रत्यक्ष मरण? इ.स. ६५ मध्ये नीरोविरुद्धचा कट फुटला आणि सेनेकाला मरण्याचा हुकूम आला. टॅसिटस या इतिहासकाराने तो प्रसंग सविस्तर लिहिलाय. त्यानं शिरा कापून घेतल्या, म्हाताऱ्या अंगातून रक्त लवकर वाहीना. मग सॉक्रेटिससारखं विष घेतलं, तेही लागू पडेना. शेवटी गरम पाण्याच्या वाफेत गुदमरून गेला. बायको पॉलिना हिनेही शिरा कापल्या होत्या, तिला नीरोच्या माणसांनी वाचवलं.

खरं सांगू? वाचून माझं काही समाधान झालं नाही. एक तर त्यात थोडं नाटक आहे. दुसरं म्हणजे तिथे निवड कुठे होती? दारात शिपाई उभे होते. बाबांच्या समोर नीरो नव्हता, एक फाईल होती.

मग मला अ‍ॅटिकस सापडला.

टायटस पॉम्पोनियस अ‍ॅटिकस. सिसेरोचा जिवलग मित्र. सिसेरोने त्याला लिहिलेल्या पत्रांचे १६ भाग आहेत. पैसेवाला, पुस्तकांचा शौकीन, आणि रोममध्ये सगळे एकमेकांच्या जिवावर उठले होते त्या काळात कुठल्याच गटात न शिरता दोन्हीकडच्या अडलेल्यांना मदत करत राहिलेला माणूस. त्याचं चरित्र लिहिणारा कॉर्नेलियस नेपॉस त्याच्या ओळखीचाच होता. तो सांगतो की तीस वर्षं या माणसाला औषधाची गरज पडली नव्हती. ७७ वर्षं पूर्ण झाल्यावर आतड्याचं दुखणं सुरू झालं. तीन महिने उपचार झाले, आणि मग ते चिघळलं.

अ‍ॅटिकसने तिघांना बोलावून घेतलं. त्यात त्याचा जावई अग्रिप्पा होता. हा अग्रिप्पा म्हणजे कोणी साधासुधा नव्हे, पुढच्याच वर्षी अ‍ॅक्टियमच्या लढाईत अँटनी आणि क्लिओपात्राचं आरमार हरवणारा सेनापती. अ‍ॅटिकसने त्यांना सांगितलं ते थोडक्यात असं: बरं होण्यासाठी जे करता येईल ते सगळं मी केलंय, त्यात कसूर ठेवली नाही. आता या दुखण्याला खाऊ घालणं मी थांबवणार आहे. तुम्हाला पटावं अशी इच्छा आहे. नाहीच पटलं, तर निदान उगाच आडवे येऊ नका. हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की जणू एका घरातून दुसऱ्या घरात बिऱ्हाड हलवतोय, असं नेपॉस म्हणतो. अग्रिप्पा रडला, त्याने मिठी मारली, विनवण्या केल्या. अ‍ॅटिकस गप्प राहिला.

दोन दिवस उपास झाल्यावर ताप उतरला. दुखणंही हलकं झालं. तरी त्याने बेत बदलला नाही. पाचव्या दिवशी, इ.स.पू. ३२ च्या ३१ मार्चला तो गेला. स्वतःच सांगून ठेवल्याप्रमाणे काही थाटमाट न करता त्याला अप्पियन रस्त्यावर, रोमपासून पाचव्या मैलाजवळ, मामाच्या थडग्यात ठेवलं.

या गोष्टीत मी कोण होतो हे मला लगेच कळलं. मी अग्रिप्पा होतो.

पण रोमन लोक ऊठसूट अन्न सोडत होते असा समज करून घेऊ नका. धाकट्या प्लिनीच्या पत्रांत टायटियस अ‍ॅरिस्टो या कायदेपंडिताचा प्रसंग आहे. आजार लांबला तेव्हा त्याने प्लिनीला आणि आणखी काही मित्रांना बोलावून सांगितलं, वैद्यांना नीट विचारा. दुखणं बरं न होणारं असेल तर मी आपण होऊन निघेन. नुसतं चिवट आणि लांबणारं असेल तर सोसेन, कारण बायको विनवतेय, मुलगी रडतेय, आणि तुम्ही मित्र आहात. तुमच्या आशेवर पाणी टाकून जाणं बरोबर नाही. वैद्यांनी आशा दाखवली. अ‍ॅरिस्टो थांबला.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. बरं होते का नुसतं लांबते! प्रश्न तोच, एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. उत्तर निघालं उलटं, तरी रीत एकच.

आणि सेनेकाकडे परत गेलो तेव्हा त्याचंही एक पत्र वेगळं दिसलं, ७८ वं. तरुणपणी आजाराने तो काटकुळा झाला होता, जीव द्यावा असं पुष्कळदा वाटलं होतं. तो थांबला ते म्हाताऱ्या बापासाठी. मी किती धीराने मरू शकतो हा विचार त्याने बाजूला ठेवला. बाप ते सोसू शकेल का, एवढंच पाहिलं. कधीकधी नुसतं जगत राहणं हेसुद्धा धैर्याचं काम असतं, असा त्या पत्राचा सूर आहे. नीरोच्या शिपायांसमोरच्या सेनेकापेक्षा मला हा पोरगेला सेनेका फार जवळचा वाटला.

तर माझ्या समजुतीप्रमाणे रोमन शहाणपणाचं सार "मरणाला भिऊ नका" हे नाही. ते तर कोणीही सांगेल. त्यांचा खरा प्रश्न होता: माझ्याकडून अजून कोणाचं काय येणं आहे? येणं बाकी असेल तर थांबा, कितीही दुखलं तरी. फिटलं असेल तर जायला हरकत नाही, पण सांगून जा.

आता पवनार.

बाबा २७ वर्षांचे असताना, १९८२ च्या दिवाळीच्या दिवशी, बुटीबोरीहून पवनारला गेले होते, विनोबांच्या अंत्यदर्शनाला. लहानपणापासून ही गोष्ट ऐकलेली. त्यात गर्दी असायची, धाम नदी असायची, आणि त्या वर्षी घरी पणत्या उशिरा लागल्या हे शेवटी असायचं. मी कधी लक्ष देऊन ऐकली नव्हती.

विनोबा पवनारला आले १९३८ मध्ये, तब्येत पार खालावलेली असताना. जमनालाल बजाजांचा तिथे बंगला होता. धाम नदीचा पूल ओलांडताना आपण "संन्यस्तं मया" असं तीनदा म्हटलं आणि सगळी कामं, सगळ्या चिंता मागे टाकल्या, असं त्यांनीच पुढे सांगितलंय. गंमत म्हणजे तब्येत सुधारली आणि कामं वाढली. १९४० चे पहिले वैयक्तिक सत्याग्रही, १९५१ मध्ये पोचमपल्लीला भूदानाची सुरुवात, मग तेरा वर्षं पायी हिंदुस्थान. माणूस टीकेच्या पलीकडचा नव्हता. आणीबाणीतल्या "अनुशासन पर्व" या दोन शब्दांसाठी त्यांना खूप बोलणी खावी लागली. पण मरणाचा विषय त्यांनी आयत्या वेळी हातात घेतला नव्हता. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी ते गीतेवर बोलत, आणि साने गुरुजी लिहून घेत. तीच "गीता प्रवचने". १० एप्रिलचा रविवार आठव्या अध्यायाचा होता, अंतकाळाचा. त्यात नाथांची गोष्ट आहे. एकाने एकनाथांना विचारलं, तुमचं जीवन असं निर्मळ कसं? नाथ म्हणाले, ते राहू दे, तू सात दिवसांनी मरणार आहेस. तो घरी गेला, निरवानिरव केली, अंथरूण धरलं. सातव्या दिवशी नाथांनी येऊन विचारलं, या दिवसांत पाप किती केलंस? तो म्हणाला, पापाला वेळ कुठे होता, डोळ्यांसमोर मरण उभं होतं! नाथ म्हणाले, आमचं रोज असंच असतं.

हे सांगितलं तेव्हा विनोबा ३६ वर्षांचे होते. नंतरची पन्नास वर्षं बघा. १९७० मध्ये त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे पवनारबाहेर जाणं बंद. डिसेंबर १९७४ पासून एक वर्ष मौन. नोव्हेंबर १९८२ च्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराचा झटका आला. ८ नोव्हेंबरपासून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही थांबवलं. घ्या म्हणून विनवणारे कमी नव्हते. सात दिवसांनी, १५ नोव्हेंबरच्या सकाळी ते गेले. वय ८७. ती आश्विन अमावस्या, महावीरांच्या निर्वाणाचा दिवस. ज्या विनोबांच्या प्रेरणेने जैनांच्या सर्व पंथांना मान्य होईल असा "समणसुत्तं" हा ग्रंथ १९७४ मध्ये तयार झाला, त्यांना या दिवसाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आमच्या धंद्यात सर्व्हर बंद करायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे प्लग उपटायचा. मग अर्धवट व्यवहार तसेच लोंबकळत राहतात आणि रात्री दोनला कोणाचा तरी फोन वाजतो. दुसरी रीत अशी: आधी नवीन कामं घेणं बंद करायचं, हातातली पुरी करायची, काय झालं ते नोंदवायचं, मग बंद. बाहेरून बघणाऱ्याला शेवटचा क्षण दोन्हीकडे सारखाच दिसतो. फरक असतो तो त्याच्या आधीच्या वेळात. पवनारचे सात दिवस लोकांच्या लक्षात राहिले, पण नवीन कामं घेणं तिथे बारा वर्षं आधीच थांबलं होतं.

अर्थात अ‍ॅटिकस आणि विनोबा एक नाहीत. अ‍ॅटिकससाठी देह हे आपलं घर होतं, ते कधी सोडायचं हा मालकाचा अधिकार. विनोबांच्या लेखी मालकच खोटा! आपल्याकडे याला प्रायोपवेशन म्हणतात, जैनांत सल्लेखना. आणि विनोबांच्या आधी १९६६ मध्ये सावरकरांनी अन्न-औषध थांबवलं तेव्हा शब्द आला आत्मार्पण. विचार वेगवेगळे, पण सांगून, हळूहळू, शुद्धीवर राहून जाणं हे सगळ्यांत सारखं.

आता एक गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे, कारण मी विदर्भातला आहे. पवनार ज्या वर्धा जिल्ह्यात आहे तिथे आणि शेजारच्या यवतमाळात शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या वाचत आमची पिढी मोठी झाली. त्या मरणाला यातलं काहीही लागू नाही. तिथे येणं-देणं फिटलेलं नसतं. न फिटलेलं देणंच माणसाला ढकलतं, आणि ते बायकोच्या डोक्यावर येऊन पडतं. तिथे ७८ वं पत्र लागू आहे. आणि खरं तर ते त्या शेतकऱ्यापेक्षा ज्यांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं त्यांना वाचायला द्यायला हवं.

याच कारणाने बाबांच्या "नको"ची मला शंका येत होती. एका रात्री विचारलंच. "बाबा, पैशासाठी म्हणून राहिले का तुम्ही?"

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी तिशीतला असतो तं शेत इका पण मले वाचवा, असं म्हटलं असतं. आता काय बाकी हाय? तुयं झालं, ताईचं झालं. घर तुह्या आईच्या नावावर हाय. पैशाचं नाही रे. तिकडं नळ्या लावून पडलो तं तुमच्याशी बोलीन कवा?"

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. मी, ताई, मेव्हणे, सगळे हिरिरीने बोलत होतो, आईला कोणी विचारलंच नव्हतं. अ‍ॅरिस्टोच्या यादीत पहिलं नाव बायकोचं होतं. विचारलं तर आई म्हणाली, "त्यांना घरी आणा. मला त्यांचं करू द्या." संपला विषय.

बाबांनी प्रायोपवेशन वगैरे काही केलं नाही, हेही सांगतो. त्यांनी फक्त तिसरी केमो नाकारली. दुखण्यावरचं औषध वेळच्या वेळी घेत होते आणि चहा शेवटपर्यंत मागत होते. कायद्याच्या बाजूने म्हणाल तर आपल्याकडे या प्रश्नाचा बराच प्रवास झालाय. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये रद्द ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते पुन्हा वैध ठरवलं. मग ९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि शुद्धीवर असताना "मला अमुक उपचार नकोत" असं आधीच लिहून ठेवायला मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये ती पद्धत सोपी झाली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही करता येते. माझं मत विचाराल तर आपलं आपण लिहून ठेवावं. मुलांना अग्रिप्पा व्हायला लावू नये.

बाबा घरी आल्यावर साडेतीन महिने होते. त्यात आम्ही बोललो तेवढं आधीच्या वीस वर्षांत बोललो नव्हतो. १९८२ ची गोष्ट मी पुन्हा, या वेळी नीट, ऐकली.

नंतर लोक भेटायला आले. "सुटले." "सोनं झालं." "तुम्ही सगळं केलं." सगळं खरं होतं, आणि कशाचाच उपयोग नव्हता. तेव्हा प्लिनी परत आठवला. त्याचा वडीलधारा मित्र कोरेलियस रुफस. ३२ व्या वर्षापासून पायांचं दुखणं, पुढे सगळ्या अंगात पसरलेलं. डोमिशियनसारख्या जुलमी सम्राटाच्या मागे एक दिवस तरी जगायचं म्हणून त्याने ते सोसलं. तो मेल्यावर, सगळं मार्गी लागल्यावर, कोरेलियसने अन्न सोडलं. वैद्य घास पुढे करायला लागला तेव्हा त्याने ग्रीकमध्ये एकच शब्द उच्चारला: ठरलंय. वय ६७.

प्लिनी मित्राला लिहितो की मला ठाऊक आहे, तो पुरेसं जगला, दुखण्यातून मोकळा झाला, मुलगी-बायको-मित्र सगळे मागे नीट होते. तरीही मी रडतोय. तेव्हा तो म्हातारा होता, आजारी होता, हे मला सांगू नकोस, ते मला माहीत आहे. काहीतरी नवीन सांग, जे मी कधी ऐकलं नाही, कुठे वाचलं नाही. मित्राचं उत्तर त्या संग्रहात नाही.

मलाही कोणी तसं काही नवीन सांगितलेलं नाही, आणि मीही तुम्हाला सांगू शकत नाही.

दहाव्या दिवसानंतर बाबांची वही उघडली. विम्याचे नंबर, घरपट्टीच्या पावत्या कुठे आहेत ते, गॅसचं कार्ड, ताईच्या मुलीसाठी ठेवलेल्या एफडीची तारीख, सगळं एका खाली एक. शेवटची ओळ थरथरत्या अक्षरात होती: दूधवाल्याचे २४० राहिले.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी दिले. असो.